अंगणातला विस्तव

थंडी पडली की पुण्या-नाशकाच्या आसपास फार्महाउस बांधलेल्यांना, लोणावळा-कर्जतच्या बंगलेवाल्यांना आणि शहराच्या कडेला रो-हाउस घेतलेल्यांना एका वस्तूचा मोह पडतो. लोखंडी, गोल, तीन-चार पायांची, अंगणात ठेवून आत लाकडं पेटवायची. दुकानात तिला फायर पिट म्हणतात, ऑनलाइन फायर बाऊल, आणि वेल्डरकडे गेलात तर तो विचारतो, "शेकोटीची कढई का?" या पुस्तिकेत तिला मी शेकोटीचं पात्र किंवा नुसतं पात्र म्हटलं आहे. ते कसं निवडावं, कुठे ठेवावं, त्यात काय जाळावं आणि मुख्य म्हणजे ते विझवावं कसं, एवढाच पुस्तिकेचा विषय. पात्राबरोबर खोक्यात जे माहितीपत्रक येतं ते बहुधा इंग्रजीत आणि परदेशातल्या अंगणांवर, तिथल्या लाकडावर बेतलेलं असतं. आपलं सरपण वेगळं, फरशी वेगळी, गवत वेगळं. शेजारी तर फारच जवळ.

विस्तव आपल्याला काही नवा नाही. हुरड्याची आगटी घ्या. जमिनीत छोटा खड्डा, त्यात गोवऱ्यांचा आर, आणि त्यात कणसं खुपसून भाजणारा एक माणूस. तो खाणाऱ्यांशी गप्पा मारतो, पण आगटीजवळून उठत नाही. रायगडात पोपटी लावतात तेव्हा भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरलेलं मडकं उपडं घालून भोवती जाळ करतात. तिथेही काठी घेऊन कोणीतरी उभं असतंच. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत पारा खाली आला की मध्यरात्रीनंतर जागोजागी शेकोट्या पेटतात आणि शेतकरी पहाटेपर्यंत त्यांच्यामधून फिरत राहतो. घरातल्या चुलीलाही रात्री निखारे राखेत झाकून सकाळी पुन्हा फुलवणारी बाई असे. या सगळ्या विस्तवांना राखणदार होता. त्याला कोणी तसं म्हणत नसे, पण तो कोण हे सगळ्यांना माहीत असे.

बाजारातून येणारं पात्र मात्र शोभेची वस्तू म्हणून येतं. झोपाळा, कुंड्या, दिव्यांच्या माळा आणि त्यांच्या मधोमध पात्र. पेटवणारा एक, लाकडं टाकणारे चार, आणि सगळे जेवायला उठले की पात्राजवळ कोणीच नाही. घरगुती शेकोटीत माझ्या मते खरा धोका इथे आहे. लोखंडाची जाडी, पायांची उंची, जाळीचं झाकण यांचा उपयोग होतो, पण माणसाची जागा त्यातलं काहीच घेत नाही. म्हणून पात्र निवडण्याबद्दल लिहिताना मी वारंवार त्याच्याजवळ बसणाऱ्या माणसाकडे वळलो आहे. अमेरिकेतल्या अनेक शहरांचे नियम ज्यावर बेतलेले असतात त्या 'इंटरनॅशनल फायर कोड'मध्येही अशा शेकोटीबद्दल हेच कलम आहे: ती पूर्ण विझेपर्यंत सतत कोणीतरी हजर असलं पाहिजे, आणि अग्निशामक, वाळू, माती किंवा पाण्याचा पाइप हाताशी असला पाहिजे.

आता पात्राबद्दल. पहिला प्रश्न आकाराचा, आणि बहुतेकांचं उत्तर गरजेपेक्षा मोठं असतं. सहा-आठ माणसांना साठ ते पंचाहत्तर सेंटिमीटर व्यास पुरतो. त्याहून मोठं पात्र लाकूड जास्त मागतं, आणि जाळ वाढला की माणसं खुर्च्या मागे सरकवतात. म्हणजे ऊब तेवढीच आणि गप्पा लांबून. खोली निदान वीस सेंटिमीटर हवी. ताटासारख्या उथळ पात्रातून पेटलेला ओंडका सहज घरंगळतो. पाय रुंद फाकलेले हवेत. एका बाजूने हाताने दाबून पाहावं. पात्र डुललं तर ते घेऊ नये, मग नक्षी कितीही सुंदर असो.

धातूबद्दल बोलताना दुकानदार 'हेवी' एवढाच शब्द वापरतो. त्याला जाडी विचारा. पत्र्याचा गेज जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे गिऱ्हाइकाला उलटं वाटतं आणि तिथेच फसगत होते: १६ गेज म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर. असा पत्रा एका हंगामात वेडावाकडा होतो, सांधे उघडतात. साध्या पोलादाचं तीन मिलिमीटर जाडीचं पात्र घरासाठी उत्तम. पंचाहत्तर सेंटिमीटर व्यासाचं असं पात्र पाय सोडून तेरा-चौदा किलो भरतं; याहून फार हलकं लागलं तर जाडीबद्दल जे सांगितलं ते खरं नाही असं समजावं. भोसरी-चाकणकडे किंवा कोणत्याही एमआयडीसीजवळ राहत असाल तर फॅब्रिकेटरकडे 'डिश एंड' मागा. टाक्यांची टोकं बंद करायला घडवलेली ही गोल, खोलगट बशी असते. तिला तीन पाय आणि दोन कड्या जोडल्या की दुकानातल्या महागड्या पात्राच्या तोडीचं पात्र तयार होतं, आणि त्यात मधे सांधाही नसतो. डिश एंड नवी घ्यावी. जुन्या टाकीतून कापलेली असेल तर आधी त्या टाकीत काय होतं ते विचारावं. रसायनाची किंवा कीटकनाशकाची पिंपं अर्धी कापून शेकोटीला वापरण्याची टूम मात्र सरळ घातक आहे. कापतानाच आतल्या उरलेल्या वाफेचा स्फोट होऊ शकतो, आणि तो टळला तरी आतला थर पहिल्या जाळात हवेत जातो.

गंमत म्हणजे ब्रिटनमध्ये आपली कढईच 'कडाई' या नावाने बागेतलं शेकोटीपात्र म्हणून विकली जाते. पत्रे रिव्हेटने जोडलेली, दोन कड्यांची, लग्नाच्या जेवणावळीत असते तशी. ज्यांच्याकडे गुऱ्हाळातली किंवा आचाऱ्याची जुनी लोखंडी कढई पडून आहे त्यांनी दुकानात जाण्याआधी माळ्यावर पाहावं. तिला नीट बसेल असं तिकाटणं तेवढं करून घ्या. तीन विटांवर ठेवलेली कढई म्हणजे पाहुण्याच्या पहिल्याच धक्क्याला निखाऱ्यांचा सडा.

बिडाचं पात्र जड, टिकाऊ आणि उष्णता धरून ठेवणारं. पण बीड ठिसूळ असतं. तापलेल्या बिडावर गार पाणी ओतलं की ते तडकतं, तवा धुताना अनेकींनी हे पाहिलं आहे. स्टेनलेस स्टील गंजत नाही, पण पातळ असेल तर ताणून वाकडं होतं आणि पहिल्या वापरानंतर त्याची चकाकी कायमची जाते. कॉर्टेन पोलादाचं सध्या फार कौतुक चाललं आहे: त्यावर गंजाचा एक घट्ट थर बसतो आणि तोच पुढचा गंज रोखतो. हे खरं आहे, पण त्यासाठी ते ओलं होऊन पुन्हा वाळत राहावं लागतं. कोकणच्या खाऱ्या हवेत तो थर तसा जमत नाही आणि धातू खात जातो. अलिबाग-रत्नागिरीकडच्या वाचकांनी कॉर्टेनसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. मातीची शेगडी सुंदर दिसते. कुंभाराकडून घेतलीत तर तळाशी चार-पाच सेंटिमीटर कोरडी वाळू घाला आणि पहिले काही जाळ अगदी लहान ठेवा. एकदम भडकलेल्या जाळाने ती उभी चिरते.

एका धातूपासून मात्र लांबच राहा: जस्ताचा मुलामा दिलेल्या बादल्या, टब, घमेली. जस्त ४२० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि ९०० अंशांच्या थोडं वर उकळतं, आणि चांगल्या फुललेल्या निखाऱ्यांचं तापमान तिथपर्यंत जाऊ शकतं. जस्ताच्या त्या धुराने येणारा ताप वेल्डरांच्या ओळखीचा आहे.

पात्राच्या तळाला पावसाचं पाणी जायला भोक हवं. राख आणि पाणी एकत्र आलं की क्षार तयार होतात आणि ते लोखंड पावसाहून जास्त खातात. म्हणून जूनच्या आधी पात्र खरवडून, तेलाचा हात फिरवून, पालथं ठेवावं. सजावटीसाठी आत नदीतले गोटे भरायची हौस अनेकांना असते. गोट्यांच्या आतल्या बारीक भेगांत पाणी अडकलेलं असतं, तापलं की त्याची वाफ होते आणि गोटा फुटून तुकडे उडतात. ज्यांचे डोळे पात्राच्या उंचीवर येतात अशी लहान मुलं समोर असताना ही हौस नको.

द्रव इंधनाच्या पात्रांबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण माझं मत एका वाक्याचं आहे: घेऊ नका. टेबलावर ठेवायची काच-सिमेंटची छोटी पात्रं, त्यात इथेनॉल किंवा जेल ओतायचं, लाकूड नाही, धूर नाही. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने डिसेंबर २०२४ मध्ये अशा पात्रांविरुद्ध जाहीर इशारा दिला आणि त्यात मृत्यू व गंभीर भाजण्याच्या घटना नमूद केल्या. कारण साधं आहे. अल्कोहोलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. विझलं असं समजून कोणीतरी बाटलीतून पुन्हा ओततं, आतल्या ज्योतीने वाफ पेटते आणि बाटलीच्या तोंडातून आगीचा फवारा समोर बसलेल्याच्या अंगावर जातो. इथे राखणदारालाही काही करायला वेळ मिळत नाही. लाकडाच्या जाळावर रॉकेल, पेट्रोल, सॅनिटायझर किंवा ग्लासातली दारू टाकणाऱ्यांच्या बाबतीत घडतं तेही हेच. गॅसवर चालणारी पात्रं परदेशात सर्रास आहेत आणि नीट बसवलेली असतील तर धुराचा प्रश्नही सुटतो, पण घरच्या सिलेंडरला नळी जोडून असा जुगाड करणं वेगळं. एलपीजी हवेहून जड असतो. गळला तर खाली बसतो, पायऱ्या-गटारांकडे सरकतो आणि ठिणगीची वाट पाहतो.

आता सरपण. यावर पुस्तिकेतलं सर्वांत मोठं प्रकरण आहे, कारण धुराच्या तक्रारींचं मूळ पात्रात कमी आणि लाकडात जास्त असतं. लाकूड तापलं की त्यातून आधी वायू निघतात. ते जळले तर ज्योत, न जळता निसटले तर धूर. ओल्या लाकडाची बरीच उष्णता पाणी उकळण्यातच जाते, वायू पेटायला पुरेसं तापमान राहत नाही आणि अंगण धुरकटतं. ओलावा वीस टक्क्यांच्या खाली हवा. ओलावामापक स्वस्तात मिळतो, पण जुनी परीक्षाही पुरते: दोन ढलप्या एकमेकींवर आपटा, सुकी असतील तर खणखणतात, ओली असतील तर थप्प आवाज येतो. टोकांना भेगा आणि सुटलेली साल ही दुसरी खूण. वखारीत लाकूड वजनावर मिळतं, म्हणजे ओलं घेतलं तर आपण पाण्याचे पैसे मोजतो. म्हणून लाकूड उन्हाळ्यात घ्यावं, फोडून घ्यावं आणि पावसाळाभर वरून झाकून, बाजू उघड्या ठेवून रचावं.

बाभूळ हे आपल्याकडचं राजेशाही सरपण: घट्ट, सावकाश जळणारं, उत्तम निखारा देणारं. चिंच, सुबाभूळही चांगली. आंबा चालतो, जरा लवकर संपतो. बांबू अख्खा टाकू नये, पेरात कोंडलेली हवा फटाक्यासारखी फुटते. उभा चिरून टाकला तर हरकत नाही. पॅकिंगच्या खोक्यांचं आणि पॅलेटचं लाकूड फुकट मिळतं म्हणून लोकप्रिय आहे. ते बहुधा पाइनचं असतं आणि राळेमुळे ठिणग्या फार उडवतं. आयात-निर्यातीच्या पॅलेटवर शिक्का असतो: 'एचटी' म्हणजे फक्त उष्णता दिलेलं, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. दुसरं जाळू नये. प्लायवूड, एमडीएफ, सनमायका, रंगवलेले जुने दरवाजे, यांतलं काहीही पात्रात जाता कामा नये. डिंक, रंग आणि रसायनं जळून जो धूर होतो तो सरपणाचा धूर नसतो. झाडांतही तीन नावं लक्षात ठेवा. कण्हेरीच्या छाटलेल्या फांद्या बंगल्याच्या आवारात नेहमी पडलेल्या असतात. ते झाड मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे आणि त्याचा धूरही घेऊ नये. बिब्ब्याचं लाकूड आणि काजूची टरफलं यांत त्वचा भाजणारं तेल असतं. सिंधुदुर्गात भट्टीवर काजू भाजणाऱ्यांना टरफलाच्या धुराने डोळ्यांचं काय होतं ते विचारा.

पेटवण्याची आपली रीत म्हणजे खाली कागद, वर काटक्या, वर लाकडं. घरगुती पात्रात ती उलटी करून पाहा: खाली जाड ढलप्या, त्यांवर बारीक, सगळ्यांत वर काटक्या, आणि काडी वरून लावायची. जाळ सावकाश खाली उतरतो, खालच्या लाकडाचे वायू वरच्या ज्योतीतून जाताना जळतात आणि सुरुवातीचा धुराचा लोट बराच कमी होतो. 'स्मोकलेस' म्हणून विकली जाणारी दुहेरी भिंतीची पात्रं याच तत्त्वावर चालतात. हवा तळाच्या भोकांतून शिरते, दोन भिंतींमधून वर चढताना तापते आणि कडेच्या भोकांतून बाहेर पडून धूर पेटवते. लाकूड सुकं असेल आणि जाळ तापलेला असेल तरच हे जमतं. ओलं लाकूड टाकलंत तर जाहिरात आणि पैसे दोन्ही धुरात. शिवाय या पात्रांची ऊब वरच्या दिशेने जाते, पाय गारच राहतात. ज्यांचा शेजार जवळ आहे त्यांनी तरीही हीच घ्यावीत असं मी म्हणेन.

शेजाराचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर गार होते, तिच्याजवळची हवा थंड होऊन खालीच बसते, वर गरम हवेचं झाकण तयार होतं आणि धूर वर जाण्याऐवजी आडवा सरपटतो. पुण्यासारख्या टेकड्यांच्या मधल्या गावात तर तो पहाटेपर्यंत हलत नाही. धुरातले जे बारीक कण फुप्फुसात खोल जातात, त्या पीएम २.५ साठी भारताची चोवीस तासांची मर्यादा दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची १५. शेजारी दमेकरी असेल, तान्हं मूल असेल, तर आधी विचारावं आणि नाही म्हणाले तर ते ऐकावं. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवती राहणाऱ्या मराठी कुटुंबांना याची सवय झालेली असेल. तिथे 'स्पेअर द एअर'चा इशारा लागू झाला की त्या दिवशी परसातल्या शेकोटीलाही बंदी असते. आपल्याकडे असा रोजचा इशारा नाही, पण कचरा जाळण्यावर बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये भरपाईचा आदेश दिला. पालापाचोळा, पिझ्झाची खोकी, प्लास्टिकचे ग्लास पात्रात टाकले की तुमच्या शेकोटीचा कचरा झाला.

इथे एक कडवट गोष्ट सांगून टाकतो. अनेक सोसायट्यांत क्लबहाउससमोर सुबक पात्र असतं, आणि फाटकाशी रखवालदार घमेल्यात प्लायचे तुकडे आणि टायर जाळून रात्र काढत असतो. तक्रार होते ती त्याच्याबद्दल. दिल्लीत प्रदूषण वाढलं की लागू होणाऱ्या उपायांत रहिवासी संघांनी रखवालदारांना आणि सफाई कामगारांना इलेक्ट्रिक हीटर द्यावेत असं स्पष्ट म्हटलं आहे. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांना ते करायला कोणत्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही.

जागेची निवड. भिंत, छप्पर, झाड, लाकडी कुंपण, शेडनेट, मंडपाचं कापड यांपासून निदान तीन मीटर मोकळी जागा चहूबाजूंनी हवी. तीन मीटर म्हणजे दहा फूट, आणि हे किमान आहे. वर उल्लेख केलेल्या अमेरिकी नियमावलीत मोकळ्या शेकोटीसाठी २५ फूट आणि हलवता येणाऱ्या पात्रासाठी १५ फूट अंतर दिलं आहे, फक्त एक-दोन कुटुंबांच्या घरांना दुसऱ्या अंतरातून सूट आहे. डोक्यावरही पाहा: माडाच्या वाळलेल्या झावळ्या, विजेच्या तारा, दिव्यांच्या माळा. पायाखाली शहाबादी किंवा कोटा असेल तर पात्राच्या तळाच्या झळेने ती तडकते, लाकडी डेक काळा पडतो, प्लास्टिकमिश्रित डेक वितळतो. विटांचा एक सपाट ओटा, वर वाळू, त्यावर पात्र, ही स्वस्त आणि खात्रीची व्यवस्था. गच्चीवर नको. वॉटरप्रूफिंग उष्णतेने जातं हे कारण आहेच. त्याशिवाय तिथे वारा जोरात असतो, प्लास्टिकच्या टाक्या आणि पाइप असतात आणि पळायला जिना एकच. फ्लॅटच्या गॅलरीबद्दल तर प्रश्नच नाही.

मुळशी, वेल्हे, भोर, इगतपुरीकडे ज्यांची घरं आहेत त्यांच्यासाठी वेगळा इशारा. डिसेंबरपासून डोंगरउतारांवरचं गवत वाळतं, फेब्रुवारीनंतर ते काडीची वाट पाहत उभं असतं. वनखातं जाळरेषा काढतं ते उगाच नाही. कुंपणापलीकडे राखीव जंगल असेल तर १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार तिथे आग लावणं गुन्हा आहेच, पण वनाधिकाऱ्याने जाहीर केलेला काळ सोडून विस्तव पेटवणं, ठेवणं, नेणंही गुन्हा आहे. तुमच्या पात्रातून उडालेली ठिणगी कुंपण ओळखत नाही. अशा जागी पात्रावर बारीक जाळीचं झाकण हवं, भोवती पाच मीटरपर्यंत गवत कापलेलं हवं, आणि पानं सळसळण्याइतका वारा असेल तर त्या रात्री शेकोटी रद्द.

विझवणं हे पेटवण्याहून लांबचं काम आहे. झोपायच्या तासभर आधी लाकूड टाकणं थांबवा. जाळ बसला की निखारे सळईने पसरा, थोडं थोडं पाणी शिंपडा, ढवळा, पुन्हा शिंपडा. बादली एकदम ओतलीत तर वाफेबरोबर राख आणि निखारे अंगावर येतात. पाण्याऐवजी वाळू वापरलीत तर लक्षात ठेवा, ती जाळ दाबते, निखारा आत जिवंत राहतो. राखेखालचा निखारा दुसऱ्या दिवशीही, कधी त्यानंतरही धग धरून असतो. म्हणून राख झाकणाच्या लोखंडी डब्यात, घराबाहेर, चार दिवस. प्लास्टिकच्या बादलीत नाही आणि घंटागाडीत तर मुळीच नाही. पुढे ती बागेत घालायची तर मातीकडे पाहा. राख अल्कधर्मी असते. कोकणच्या आम्लधर्मी जांभ्या मातीला ती मानवते. देशावरच्या काळ्या मातीत आधीच चुनखडी असते, तिथे राखेचे ढीग ओतू नका.

आणि निखारे घरात नेऊ नका. बाळंतिणीच्या बाजेखाली शेक-शेगडी ठेवणारी आपली घरं पत्र्या-कौलांची, फटींची, वारा खेळणारी होती. आजची खोली खिडक्या लावल्या की डबा होते. ज्योत नसलेल्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. उत्तर भारतात बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. तंबू, बंद गाडी, काचा लावलेला व्हरांडा, सगळ्यांना हेच लागू.

भाजल्यास काय करावं हे पुस्तिकेच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत छापलं आहे, कारण तेव्हा कोणी प्रस्तावना वाचत नाही. वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरायचं, बांगड्या-अंगठ्या लगेच काढायच्या, स्वच्छ कापडाने सैल झाकायचं. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप काही लावायचं नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमनासाठी १०१. नायलॉनची ओढणी आणि पॉलिस्टरचं जॅकेट पेटलं की वितळून अंगाला चिकटतं. शेकोटीला बसताना सुती किंवा लोकरी कपडे घाला आणि पदर खोचा.

शेवटी फार्महाउसच्या मालकांना एक विनंती. तुमच्याकडे पात्र पेटवतो तो बहुतेक वेळा तुम्ही नसताच. तिथे राहणारा केअरटेकर किंवा त्याची बायको असते. रात्री अकराला 'अजून लाकडं टाक' म्हणणाऱ्या पाहुण्याला त्यांनी नाही म्हणायचं कसं? तेव्हा ही पुस्तिका आधी त्यांच्या हातात द्या, वाचता येत नसेल तर बसून वाचून दाखवा, आणि बुकिंग घेतानाच पाहुण्यांना स्पष्ट लिहून कळवा: शेकोटी कधी पेटणार, कधी विझणार आणि वारा असेल तर पेटणार की नाही, याबाबत केअरटेकरचा शब्द अखेरचा राहील.